शेरा

वास्कोत बेकरीच्या माडीवर होतं बाईंचं ऑफिस.
जिना चढताना उंड्यांचा वास,
वर एक टाइपरायटर, खुर्च्या दोन,
आणि बार्जवरचे आम्ही सतराजण, उभे.
फी विचारली तर म्हणाल्या,
"आधी तुमचा पगार सुटू दे."
पगार सुटला नाही.
एकदा बांगडे नेऊन दिले,
तर मोजून अर्धे परत केले:
"घरी पोरं आहेत ना, फटू?"

मग कळलं, म्हांबरेबाई कामगार आयुक्त झाल्या.
त्या रात्री जेटीवर कुणीतरी फेणी उघडली.
आता काय, निकाल घरचाच!

आज पणजीत, पाटोवर,
शिपायानं नाव पुकारलं.
आत एसीचा गारठा, टेबलावर आमची फाइल,
आणि तिच्यातल्या वकीलपत्रावर
बाईंचीच सही.
बराच वेळ बघत राहिल्या तिच्याकडे,
जुन्या ग्रुप फोटोत माणूस स्वतःला शोधतो तशा.
मग पेन उचललं.
मालकाचा वकील खुर्चीत चुळबुळला.

कारकुनानं वाचून दाखवलं:
या दाव्यात मी कामगारांची वकील होते,
सबब सुनावणी अन्य अधिकाऱ्यापुढे व्हावी.

दोन ओळी.
अकरा वर्षांच्या फाइलवर.

मालकाच्या वकिलानं मान लववली.
मला राग आला, खोटं कशाला सांगू.
निघताना त्यांनी गुडघ्याची चौकशी केली,
मी उत्तर दिलं नाही.

लिफ्ट बंद होती. जिन्यानं उतरताना,
तिसऱ्या मजल्याशी कुठेतरी,
ते अर्धे बांगडे आठवले.

पुढची तारीख विचारायची राहिली म्हणून
पुन्हा वर चढलो.
शिपाई म्हणाला, कळवू.