नाते, सही

शनिवारी तीनला पालकसभा.
सतरंजी झटकली, समोर सहा खुर्च्या मांडल्या,
नोंदवहीत रकाने आखले:
अनुक्रमांक, पालकाचे नाव, नाते, सही.
पटावर एकतीस पोरं.
साडेतीनपर्यंत नऊ पालक.

खुर्चीवर नीट बसणारा माणूस मला लगेच ओळखू येतो.
माझे बाबा तसेच बसायचे,
खिशाला पेन, मांडीवर माझं प्रगतिपुस्तक,
बाईंना विचारायचे, भूमितीतले दोन गुण कुठे गेले?
आजोबा पोस्टात, काका तलाठी.
आमच्या घरात कागदाला कुणी भीत नव्हतं.
पालक म्हणजे असा माणूस,
हे मला कुणी शिकवलं नाही,
वरणातल्या मिठासारखं ते आपोआप आलं.

मग टोल्यावरून कोरेटींचं घर आलं.
घरच म्हणायचं. आजा, आजी, मोठी माय, दोन मामा,
गावचा भुमका,
आणि एक बाई, जिचं नातं कुणी सांगितलं नाही.
रायसिंगला पाचवीत आश्रमशाळेत धाडायचं का,
एवढंच विचारायचं होतं.
मी म्हटलं, पालक कोण यातले?
आजा म्हणाला, सगरेच हाओत नं.

रकाना दोन बोटं रुंद.
सात अंगठे उठले, त्यातले दोन
खालच्या ओळीत सांडले,
बोपचेंच्या नावावर.

क्रमांक चौदा. उन्नती वलथरे. पालक गैरहजर.
सलग तिसऱ्यांदा.
हेडमास्तर म्हणाले, ढिवरांना कुठं पडलंय शिक्षणाचं.
मी मान हलवली.
हलवली, आठवतं मला.

खिडकीत मात्र ओल्या फडक्यात शिंगाडे,
बोडीचा चिखल अजून देठांना.
बाहेर हापशीपाशी फुलवंता वलथरे,
लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं,
धुतलेले पाय पुन्हा धुतेय.

आत या ना.
इथूनच आयकू येते, गुरुजी.
आत बसून ऐका की.
पोट्टी म्हन्ते, आई, तू नोको बोलजो तिथी.
तू शारा म्हन्तेस. हासतेत सारे.

शारा.
मागच्या महिन्यातला निबंध, चौरेघी वही.
माझी शारा.
लाल गोल मीच केला होता,
दोनदा फिरवून, ठसठशीत.
तो पोरीच्या दप्तरातून घरी गेला,
चुलीपाशी बसला,
आईच्या तोंडावर हात ठेवला त्यानं,
आणि मी इकडे गैरहजेरी मांडत होतो.

वाचते का पन ती, गुरुजी?
मी बसतो रोज तिच्यापाशी.
लाइट गेली तं मोबाइलची बत्ती धरतो.
मले समजत नाई काई. पान पलटाचा आवाज आयकतो.
आवाज थांबला का समजते, झोपली.

आतून हाक आली, फोटो काढायचाय,
सगळे खुर्च्यांच्या मागं उभे राहा.
हेडमास्तरांनी विचारलं, उपस्थिती किती लिहू?
नऊ, म्हटलं.
मग म्हटलं सोळा.
मग, थांबा जरा.

फडकं पिळून परत द्यायला बाहेर आलो,
हापशीपाशी फक्त ओली पावलं,
बोडीच्या दिशेनं, वाळत चाललेली.

रात्री शिंगाडे सोलले.
एक काटा अंगठ्यात मोडलाय.
बाहेरून दिसत नाही.
पेन धरलं की कळतो.