डावीकडे कललेली चित्रं

चित्रात काय आहे ते बघायचंच नाही,
असं पहिल्या दिवशी पडद्यावर लिहून आलं.
बघायचा फक्त कल.
डावीकडे कललं असेल तर ढकला: चित्र आक्रसत जातं, ठिपका होतं, संपतं.
उजवीकडे कललं असेल तर ओढा: फुगत फुगत नाकापर्यंत येतं.
पेन्सिल. ओढा.
पेटलेली सिगारेट. ढकला.
दात घासायचा ब्रश. ओढा.
राखेनं भरलेली बशी. ढकला, ढकला, ढकला,
रोज पंधरा मिनिटं, एकवीस दिवस,
कालव्यावरच्या माझ्या काचेच्या खोलीत,
दोन बोटींच्या मधल्या वेळात.

मी हिस्के. फ्रीसलंडमधल्या एका पुलाची राखणदार.
बटण दाबलं की रस्ता उभा राहतो,
गाड्या थांबतात, शिडं निघून जातात.
वय एकसष्ट, खोकला त्याहून म्हातारा.
दवाखान्यातली पोरगी म्हणाली,
तुम्हाला कळतंय सगळं, वळत नाही.
वळत नाही?
वाऱ्यात, एका हातानं, दुसरा हात बटणावर ठेवून,
तंबाखूचा कण न सांडता
पंचेचाळीस वर्षं वळतेच तर आहे.
ती हसली नाही. तिनं लिंक पाठवली.

माहितीपत्रकाच्या तळाला बारीक अक्षरात होतं:
अर्ध्या लोकांना खरा सराव मिळेल,
अर्ध्यांना तसाच दिसणारा, पण पोकळ.
तुम्ही कुठल्या अर्ध्यात, हे आम्हालाही माहीत नसेल.
नवव्या दिवशी मी मोजायला बसले,
सिगारेटी डावीकडे किती, उजवीकडे किती,
किराण्याच्या पावतीवर रेघा मारत.
एकतीस डावीकडे. मग एक, लायटर होता बहुतेक, उजवीकडे,
आणि तेवढ्यात वाळूचा पडाव भोंगा वाजवत आला.
दार उघडलं तशी पावती वाऱ्यानं नेली.
पुन्हा मोजलं नाही.

हाताला वळण लागतं ते असंच, गिरवून.
माझ्या हाताला पहिलं वळण बाबांनी लावलं,
पुलाचा कर गोळा करायचं:
काठी, काठीला दोर, दोराला लाकडी बूट.
पूल उघडला की बूट हवेत झोकायचा,
नावाड्याच्या हातापाशी अलगद,
नाणं पडल्याचा आवाज आला की मागे ओढायचा.
मी पंधरा वर्षांची असताना
एका जर्मन नावाड्याकडे सुटे नव्हते.
त्यानं बुटात सिगारेट ठेवली.
आवाज आला नाही. तरी मी बूट ओढला.
मग ती ओढली.
मग ओढतच राहिले.

सोळाव्या दिवशी भावाचा वाढदिवस.
आमच्याकडे खुर्च्या गोल मांडून बसतात,
कॉफी, केकचा एकच तुकडा,
आणि प्रत्येकानं प्रत्येकाचं अभिनंदन करायचं,
जणू सगळेच एकदम जन्मले.
मग डाउवे मला मागच्या दारी घेऊन गेला
आणि पुडी पुढे केली, काही न विचारता,
नेहमी करतो तशी.
झटका येऊन गेल्यापासून त्याचा एक खांदा खाली असतो,
हात तिरका येतो.
पुडी उजवीकडे कलली होती.

हे सरावात नव्हतं.
माझा हात मध्येच, हवेत,
दोरावरच्या बुटासारखा, ना पुढे ना मागे.
किती मिलिसेकंद, मोजायला तिथे कुणी नव्हतं.
डाउवे म्हणाला, काय झालं?
म्हटलं, सरळ धर.
त्यानं मनगट सरळ करून पाहिलं, जमलं नाही,
पुडी आणखीच कलली,
आणि आम्ही दोघं खोकला येईपर्यंत हसलो.

आज सतरावा.
लांब एक शीड दिसतंय, पोचायला पाचेक मिनिटं.
पडद्यावर काडेपेटी आलीय,
डावीकडे.