घोडियाघर

झंखना म्हणाली, आई, मी हिशोब मांडला.
फ्लॅटचा हप्ता बेचाळीस हजार,
गाडीचा नऊ, सोसायटीचे साडेतीन,
वासणा रोडवरच्या घोडियाघराचे चौदा.
डायपर आपले, दूध आपलं,
सहा वाजून दहा मिनिटं झाली की वर दंड.
तेच चौदा मी तुम्हाला दिले तर?

हे कप ठेवून उठले.
नातवाला सांभाळायचे पैसे? या घरात?
आणि गॅलरीत जाऊन
तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घातलं.
हृषीकेश मोबाइलमध्ये बघत राहिला,
लहानपणी दुधी असला की ताटात बघायचा, तसा.

मी बोलले नाही.
अडतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली,
दोघांचं बोलणं जोडून द्यायचं
आणि मध्ये पडायचं नाही,
ती सवय.

तशी दिवाळीत बोलले होते, पाहुण्यांसमोर:
आम्ही नाही का नोकऱ्या करून पोरं वाढवली?
झंखना तेव्हा चकलीचा डबा बंद करत होती.
झाकण लागत नव्हतं.

खरं तर मी वाढवलं नाही.
दांडिया बाजारात नव्वद रुपये भाड्याच्या दोन खोल्या,
समोरच्या दारात कोकिळाबेन.
आठ महिन्यांचा हृषी त्यांच्या मांडीवर टाकून
मी दोन ते नऊच्या ड्यूटीला धावायचे.
तो पहिला शब्द बोलला तो ‘बा’.
मला नव्हे.
मी त्या वेळी सुरतेचा ट्रंक कॉल जोडत होते.

महिन्याचे साठ रुपये, पाकिटात.
त्या म्हणायच्या, ‘रहेवा दे ने, बेन,’
आणि पदराला हात पुसून
हात पुढे करायच्या.
नऊ वर्षांत एकदाच पंधरा रुपये वाढवले,
तेही आमच्याकडे रंगीत टीव्ही आला त्या महिन्यात,
लाजेने.
मला महागाई भत्ता होता, त्यांना नव्हता,
हे आज सुचतंय.
गुडघा दुखतो का, असं कधी विचारलं नाही.
माझा दुखतो.

काल रात्री पाणी प्यायला उठले.
जेवणाच्या टेबलाशी झंखना, कानांवर हेडफोन,
पडद्यावर टोरांटोची सहा माणसं, तिकडे दुपार,
आणि घोडियाची दोरी
पायाच्या अंगठ्याला बांधलेली.
धैर्यला, नाव काही असो, धीर नाही.
तो कुरकुरला.
तिने बटण दाबलं, ‘हाऽ हाऽ, दीकरा’ म्हणाली,
बटण दाबलं, इंग्रजीत हसली,
अंगठा हलत राहिला.

घरीच तर असते, असं मी म्हणायचे.
बहिणीला फोनवर, चांगलं मोठ्याने.

अंधारात माझा हात आपोआप कानाच्या वर गेला.
तिथे अजून एक खळगा आहे,
हेडसेटची पट्टी बसायची तो.
केस कधी तिथे नीट बसले नाहीत.
तिला मी दिसले असेन.
तिने मान हलवली नाही,
लाइनवर असताना आम्हीही हलवत नसू.

आज सकाळी मी म्हटलं, ऐक.
सोमवार-गुरुवार माझं पोहणं आहे,
सासष्टाव्या वर्षी पाण्यात तोंड घालायला शिकतेय,
ते मी सोडणार नाही.
त्या दिवशी दहानंतर.
सहाला मोकळी. दंड मीही घेईन.
रविवारी तो तुमचा.

हे गॅलरीतून म्हणाले, अगं, लोक काय म्हणतील?
मी म्हटलं, विचारून या.

झंखनाने ड्रॉवरमधून पाकीट काढलं,
त्यावर माझं नाव होतं, ‘आई’ नव्हे,
पूर्ण नाव, आडनावासकट,
पगारपत्रकावर असायचं तसं.
ती काही बोलू पाहत होती,
बहुधा रागावू नका असं.

मी पदर शोधला. ड्रेस घातलेला.
मग ओढणीलाच हात पुसले
आणि म्हटलं, ‘रहेवा दे ने,’
आणि हात पुढे केला.