रकाना नववा

घोटीहून निघालेली जीप बोरदऱ्याच्या अलीकडेच थांबली.
पुढे पायवाट, तीही गुरांनी पाडलेली,
माणसाच्या वाटेपेक्षा रुंद, चढावर सावकाश,
वळणावर शहाणी.
माझ्या पिशवीत पशुगणनेचा टॅब,
बॅटरी चव्वेचाळीस टक्के.

कोंडाजी डगळे टेपावर बसलेले,
पायांत टायरच्या वहाणा, मांडीवर आडवी काठी.
किती जनावरं, बाबा?

त्यांनी मोजलं नाही. उताराकडे बघत म्हणाले,
"मणेरी दोन. पाऱ्या चार, त्यातली एक शिंगमोडी.
बाहाळ्या तीन.
अन् त्यो एकटा बसलाय काळा,
त्यो कुनाच्या गिनतीत ऱ्हात न्हाई."

मी दहा लिहिले.
जात : डांगी.
टॅबला ठिपके कळत नाहीत,
कातडीला सुटणारं तेल कळत नाही,
ज्यावरून आषाढ घसरून जातो
आणि जनावर चरतच राहतं.

रकाना नववा. मालकाचे नाव.
बाबा हसले, खोकले, पुन्हा हसले.

"ह्या शिंगमोडीची खापरपणजी सिन्नरच्या वाण्याची.
भाकड झाली म्हून माझ्या आज्याकडं अर्धलीनं धाडली.
हितलं गवत लागलं, वर्साच्या आत गाभण.
पयली कालवड त्याची, दुसरी आमची,
तिसरीवर भांडान,
चौथीला त्याचा ल्योकच बोलला, ऱ्हाऊ द्या.
आता हिच्यात वाणी किती न् डगळे किती,
तुमच्या यंत्रात भागाकार हाये का?"

नव्हता.

मग ते बोलत गेले, मी लिहायचं थांबवलं.
सात पाड्यांचा एक कळप होता म्हणे.
वाघबारशीला सगळे गुराखी वाघोबापाशी बसायचे,
नागलीची भाकर, दुधाची खीर,
आणि डोंगर वाटून घ्यायचे :
पोळ्यापर्यंत कुणाची धार, दिवाळीनंतर कुणाचा माळ,
ओढ्याचं पाणी आधी कुणाच्या वासरांना.
कागद नाही, अंगठा नाही.
ज्यानं मोडलं त्यानं पुढच्या साली
सातही पाड्यांच्या गुरांना मीठ आणायचं,
पाठीवरून, घाट चढून.
एकदा त्यांच्या बापानं आणलं होतं.
ते सांगताना बाबा अजून खाली बघतात.

मग जंगलखात्यानं पांढरे दगड रोवले.
दगडाच्या अलीकडं जनावरामागे दोन आणे,
पलीकडं कोंडवाडा.
आजा गुरांबरोबर स्वतःही कोंडवाड्यात निजला, पाच रात्री,
कारण मणेरीला त्याच्याशिवाय पान्हा फुटत नसे
आणि कारकुनाचं पोर दुधावाचून रडत होतं.
दंड तेवढा भरावाच लागला.
पावती आढ्याला खोचलेली आहे,
धुरानं काळी, अक्षर एकही उरलेलं नाही.

मग खालचं कुरण धरणात गेलं.
जमिनीची भरपाई मिळाली ज्यांची होती त्यांना.
गवताला सातबारा नसतो.
चैत्रात गुरं अजून उतरतात तिकडं,
पाण्याच्या कडेला येऊन उभी राहतात,
वाट समोर पाण्यात शिरताना दिसते त्यांना.
कुणी हाकललं नाही तर
संध्याकाळपर्यंत तशीच.

"पोरगं सातपूरला कंपनीत हाये," बाबा म्हणाले,
मी न विचारताच.
"त्याला शिट्टी येती माझ्यापरीस चांगली.
पण तिथं वाजवायची कुनासाठी?"

रकाना नववा लाल होऊन चमकत होता.
भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.
मी 'डगळे' असं लिहिलं.
खोटं नव्हतं.
खरं म्हणाल तर अर्धलीनं.

उतरताना वाटेच्या मधोमध तो काळा उभा,
शिंगं खाली, घाई कसलीच नाही.
मी हातातला टॅब उगाच मागे लपवला,
करवंदीच्या जाळीत सरकून बाजूला झाले,
ओढणी काट्यांना अडकली.
तो गेला.
त्याचीच वाट होती.