हातचा एक

टुटलिंगनमध्ये डॅन्यूब एवढी लहान
की उन्हाळ्यात बदकंही चालत पलीकडे जातात.
तिच्या काठच्या कारखान्यात मी
सात मोटरींचा चिमटा केला.
प्रत्येक सांध्याला एक,
आणि सातवी, खरं सांगायचं तर, हौसेची.

डॉक्टर रीडलिंगर आल्या, कोट न काढताच
त्यांनी तो उचलला.
ताटात डुकराचं आतडं होतं. एक टाका घातला.
दुसऱ्याला थांबल्या.
"हुशार आहे. पण मला काही कळत नाहीये."
"दाबाचा आकडा येतो ना, पडद्यावर."
"येतो. मी वाचेपर्यंत आतडं फाटतं."
रागाने नाही,
आमटीत मीठ कमी आहे म्हणावं, तसं.

तो हिवाळा काढण्यात गेला.
जोडायला शिकवलं होतं मला, पदवी त्याचीच होती.
शेजारच्या बाकावर गेबहार्ड
चाळीस वर्षं कात्र्या घासतोय,
प्रत्येक कात्री कानाशी धरून मिटतो.
"बोलली पाहिजे," म्हणाला, "बडबडायला नको."
मुठीतली मोटर गेली, मनगटातली गेली.
पाचवी मी रात्री गुपचूप परत बसवली
आणि सकाळी लाजून काढली.
त्यांच्या जागी तारा, एक स्प्रिंग,
आणि माणसाची बोटं,
ज्यांना ओढ कळते, ढिलाई कळते,
कुठे थांबायचं तेही.

शेवटचीही काढणार होते.
पण मार्चमध्ये, गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडताना
डॉक्टरांच्या हातून खरवडणी दोनदा पडली.
"अंगठा," त्या म्हणाल्या. "चौथ्या तासानंतर.
कुणाला सांगितलेलं नाही."
मीही नाही सांगितलं.
फक्त टोकाशी, सुई वळते तिथे,
सात वजा सहा,
हातचा एक ठेवला.

काल त्या पुन्हा आल्या.
"बॅटरी संपली तर?"
"मागचं चाक बोटाने फिरवायचं."
त्यांनी बॅटरी काढूनच टाकली,
चाक फिरवत पाच टाके घातले,
दाताखाली ओठ धरून.
सहावा सरळ आला नाही.
गेबहार्ड कात्री ऐकत होता,
मी खिडकीतून नदीकडे पाहत होते,
निदान तसं दाखवत होते.
मागे टक् असा आवाज झाला.
बॅटरी जागेवर बसली होती.