दगडांवर पाणी

रेइनो, चू लाईच्या त्या उकाड्यात
तू सौना बांधलास तेव्हा आम्ही पोट धरून हसलो.
दारूगोळ्याच्या रिकाम्या खोक्यांच्या फळ्या,
अर्ध्यात कापलेलं तेलाचं पिंप, त्यात ओढ्यातले दगड.
सावलीत पारा चाळीस, आणि हा बाबा
वर आणखी घाम विकत घेतोय!
तू म्हणालास, "हा घाम उन्हाचा. तो आपला."
एवढंच. तुझी वाक्यं अशीच,
मिनेसोटातल्या बापाच्या गोठ्यातून आलेली,
काठोकाठ भरलेली आणि थेंब न सांडणारी.

मी उडणारा नव्हतो. मी पाने-पक्कडवाला.
पात्यांच्या मुळाशी ग्रीस भरायचं,
नटांना तार आवळायची,
आणि पहाटे वहीत लिहायचं : उड्डाणास योग्य.
खाली सही. क्लाईड मॅकनट.
तू ती वही कधी वाचली नाहीस.
हेलिकॉप्टरच्या नाकावर तळवा टेकवायचास,
गाभण गाईच्या कपाळावर टेकवावा तसा,
आणि चढायचास.

मग उरलेला दिवस मी नुसता कान.
पात्यांचा आवाज टेकडीमागून आधी छातीत येतो,
कानात नंतर.
पाच गेली तर पाच मोजायची.
भांडी घासणारा, पत्ते पिसणारा, पत्र लिहिणारा,
सगळेच मोजत असायचे,
आणि कुणीच मोजत नसल्यासारखे.

एकोणीस ऑक्टोबरला मी चारवर अडलो.

दोन जखमी उचलायला उतरला होतास भाताच्या खाचरात.
ते खाचर कुणाचं होतं,
त्या वर्षी तिथे पीक आलं का,
हे मी चोपन्न वर्षांनी पहिल्यांदा विचारतोय.
चौकशीचा कागद एका परिच्छेदाचा.
त्यात धूर होता, कारण नव्हतं.
गोळी, की गिअरबॉक्स?
ते, की मी?

त्या रात्री मी तुझं पिंप पेटवलं.
हसणारे सगळे आत येऊन बसले,
उघडे, गुडघ्याला गुडघा लावून.
कुणी रडलं असेल तर
ओळखायला काही सोय नव्हती.

आता दर ऑक्टोबरला मी ओहायोतून गाडी काढतो.
समुद्राएवढं तळं, काठावर बर्चची झाडं,
आणि तुझी बहीण आइली, ब्याऐंशीची,
लाकडं अजून स्वतःच फोडते.
कबरीपाशी आम्ही फार थांबत नाही. वारा असतो.
मग तिच्या सौनात, टॉवेल गुंडाळून, दोन म्हातारी माणसं.
ती पळीनं दगडांवर पाणी घालते. चर्रर्र.
तुझं नाव कुणी घेत नाही.

यंदा मी घेतलं.
म्हटलं, "आइली, वहीत सही माझी होती."
चोपन्न वर्षं दाताखाली धरलेला खिळा
एकदाचा थुंकला.

तिनं लगेच काही उत्तर दिलं नाही.
बादलीत किती पाणी उरलंय ते बघितलं.
मग म्हणाली,
"वैमानिकाचा अर्ज भरून त्यानं तीन दिवस
स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला होता.
पाठवत नव्हता, फाडत नव्हता.
मला तिथे पीठ मळायचं होतं.
मीच तिकीट लावलं आणि टपालात टाकला."

वाफ खाली उतरत होती.
तिचे हात मांडीवर उताणे पडलेले,
पिठाचे, टपालाचे, लाकडं फोडणारे हात.
मी माझे बघितले.
नखांतलं ते जुनं ग्रीस
कधीच निघून गेलंय म्हणे. मला अजून दिसतं.

मला वाटलं आता आपण काहीतरी बोलू,
माफीसारखं, निदान त्याच्या आसपासचं.
मी उठलो, दार जरा किलकिलं केलं.
बाहेर तळं काळं, शांत,
आणि नकळत मी कान दिला.

"दार लाव, क्लाईड," ती म्हणाली,
"ऊब चाललीय."
आणि पळी माझ्या हातात दिली.