मालकाचं नाव

खोर ख्वैरला डोंगर फोडून जहाजांत भरतात.
त्या धुळीत तिचा रंग कुठला, ते
बादलीभर पाणी ओतलं तेव्हा कळलं:
सुक्या खारकेचा.
म्हणून खारीक.

काल रात्री रिव्हर्स घेणाऱ्या डंपरखाली
ती अख्खी आली नाही, अर्धीच आली.
ओरडली नाही. मागचे पाय फरफटत
स्टोअरच्या दाराशी पोचली
आणि आपल्या पोत्यावर नीट बसायचा
प्रयत्न करत राहिली.

गुलझमीनने पिकअपच्या सीटवरची जानमाज उचलली,
घडी करून डॅशबोर्डवर ठेवली,
मग म्हणाला, अब रखो.
रास अल खैमापर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

फरशी इतकी पांढरी की मी चपला बाहेर काढल्या.
नर्सने त्या आत आणून दिल्या, माझ्यासमोर ठेवल्या.
काउंटरवरच्या मुलीने कागद फिरवला:
एक्स-रे, रक्त, भूल, ऑपरेशन, प्लेट, स्क्रू सहा,
पाच रात्रींचं राहणं.
सात हजार चारशे दिरहम. निम्मे आत्ता.

मी स्टोअरकीपर आहे.
तीन कोटेशनं आल्याशिवाय
साधं बेअरिंग घेत नाही मी.
स्क्रू सहा, एवढ्याला?
हे मोठ्याने बोललो की मनात, आठवत नाही.
मनात तेवीसने गुणून झालं होतं.
एक लाख सत्तर हजार दोनशे.
पालशेतच्या पडवीचा स्लॅब, वर गवंड्याची मजुरी,
वर थोडे उरले असते.
माझा पगार एकवीसशे.

म्हणालो, ती माझी नाही. प्लँटवरची आहे.
मुलगी म्हणाली, मग हा दुसरा कागद.
छोटा होता. एकच ओळ.
चारशे. त्यात सगळं येतं.

आत डॉक्टरीणबाई खारकेच्या हिरड्या बोटाने दाबून बघत होत्या.
पांढऱ्या. परत गुलाबी व्हायला वेळ घेत होत्या.
खारीक दाराकडे बघत होती,
म्हणजे माझ्याकडे,
किंवा दाराकडेच.

पहाटे पावणेदोनला मल्लेशला फोन केला.
भिशीचा या महिन्याचा नंबर त्याचा.
बराच वेळ पंख्याचा आवाज आला फक्त.
कोण मेलं, त्याने विचारलं.
कोणी नाही अजून.
पुन्हा पंखा.
मग म्हणाला, मला ऑक्टोबर दे.
आणि कुत्र्याचं कुणाला सांगू नकोस,
हसतील. मलाही हसतील.

मोठा कागद पुन्हा पुढे ओढला.
वरच रिकामी जागा: मालकाचं नाव.
व्हिसा कंपनीचा. खोली कंपनीची.
खालचा पलंग माझा, पण त्याच्या पट्टीवर
आधीच्या माणसाने खिळ्याने आपलं नाव कोरलंय.
गावी सातबाऱ्यावर सतराजणांत मी चौदावा.
पेन हातात धरून इतका वेळ थांबलो
की मुलीला वाटलं मला लिहिता येत नाही.
मी लिहू का, म्हणाली.
नको.
मोरेश्वर गणपत पालशेतकर.
लांब नाव. रकान्याबाहेर गेलं.

सकाळी घरी फोन केला.
पगार पुढे गेलाय म्हटलं.
बरं, म्हणाली ती.
सुलभा बरं म्हणते तेव्हा
तिला किती कळलेलं असतं
हे बावीस वर्षांत मला मोजता आलेलं नाही.

उरलेल्या निम्म्याचं काय, ते ठरलेलं नाही.
गुलझमीन म्हणतो, तो डंपरवाल्याशी बोलेल.
डंपरवाला मुलगाच आहे, सुजलेल्या डोळ्यांचा,
काल स्टोअरपाशी दोनदा येऊन गेला,
दोन्ही वेळा हातमोजे मागितले.

दुपारी दवाखान्याचा फोन आला.
मिस्टर मोरेश? तिने लघवी केली.
फिल्टर मोजता मोजता
मी कुठल्या आकड्यावर होतो, विसरलो.
पुन्हा एकपासून सुरू केलं.